ऋजू आणि रुजू

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात पिरंगुट, उरवडे, भुकूम या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात पाळी बदलताना फिटर मंडळींचे बोलणे कानावर पडते. "तीन नंबरचा ड्राइव्ह ट्रिप मारतोय, लोड बघून घे." क्रियापदे मराठी, नामे इंग्रजी, आणि अर्थ दोघांनाही लख्ख कळलेला. ड्राइव्ह म्हणजे मोटरच्या अलीकडे पॅनेलमध्ये बसवलेली पेटी. तारेतून आलेली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. ही पेटी ती मोडते, पुन्हा घडवते आणि मोटरला ज्या क्षणी जेवढ्या वेगाची, जेवढ्या जोराची लागेल तशी पुरवते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येते, आणि तिथल्या कचेऱ्यांत विजेवरच्या गाड्यांच्या मोटरी कशा चालवायच्या याचे सॉफ्टवेअर लिहिले जाते. त्याच तालुक्याच्या पश्चिमेला, ताम्हिणीच्या वाटेवर, मुळशीचे धरण आहे. त्याचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीखाली उतरते आणि रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजघराची चाके १९२७ पासून फिरवते. ज्या पाण्यातून वीज निघते ते पाणी आणि ती वीज हाकण्याची विद्या, दोन्ही एकाच तालुक्यात. या विद्येचे शब्द तपासून पाहायला याहून चांगली जागा मला दिसत नाही.

'हाकणे' मी मुद्दाम म्हटले. इंग्रजीतल्या ड्राइव्हचा जुना अर्थ जनावरे पुढे घालून चालवणे हाच आहे. आपले हाकणे 'हाक' या शब्दापासून आले, म्हणजे तोंडाने आवाज देऊन चालवणे. बैल हाकतात, गाडी हाकतात, आणि विहिरीचे पाणी उपसायची मोटही हाकतात. मोट हाकणे ही साधी बाब नव्हती. बैल धावेवरून उताराला निघाले की नाडा ताणला जाई, भरलेली मोट चाकावरून वर येई, सोंडेचा दोर म्हणजे सोंदूर ओढला गेला की सोंड थारोळ्यात मोकळी होई आणि पाणी पाटाला लागे. मग बैल पाठमोरे सरत विहिरीच्या काठाशी येत आणि रिकामी मोट खाली जाई. भरलेल्या खेपेचा वेग निराळा, रिकामीचा निराळा. नाड्याला एकदम हिसका बसता कामा नये आणि तो ढिलाही पडता कामा नये. मोटकरी नाड्यावर बसून हे सगळे अंगानेच जाणायचा. आजच्या ड्राइव्हमध्ये वेग किती वेळात वाढवायचा आणि किती वेळात उतरवायचा याचे आकडे भरावे लागतात. कारखान्यात त्याला 'रॅम्प' म्हणतात. रॅम्पला मराठीत मोटेची 'धाव' हा शब्द आयता आहे. उतार आणि वेग दोन्ही त्यात आले.

मोट आणि मोटर यांचे नाते मात्र नाही. विहिरीवरची मोट गेली आणि तिथे मोटर बसली, त्यामुळे कानाला ते एकाच घरातले वाटतात. मोटर लॅटिन 'मोवेरे' या क्रियापदाची, म्हणजे हलवणारी. मोट म्हणजे गाठोडे, पिशवी. राजकारणी लोक आघाडीची मोट बांधतात ती हीच. दोघींना जोडणारे एक क्रियापद तेवढे आहे. मोट भरते, आणि जळालेली मोटर आपण 'भरायला' टाकतो. तांब्याच्या तारेचे नवे वेटोळे खाचांत भरून घेण्याला रिवाइंडिंगवाल्यांनी वापरलेला हा शब्द एखाद्या समितीला सुचला नसता.

आता पेटीच्या आत जाऊ. अभ्यासक्रमात तिचे नाव पॉवर कन्व्हर्टर, मराठी परिभाषेत परिवर्तक. विद्यार्थ्याला वाटते की कन्व्हर्टर हा मूळ शब्द आणि परिवर्तक हे त्याचे ओढूनताणून केलेले भाषांतर. वस्तुतः दोन्ही एकाच आजीची नातवंडे आहेत. कन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर या दोघांच्या पोटात लॅटिन 'व्हर्टेरे' आहे, म्हणजे वळवणे. संस्कृतचा वृत् धातू त्याचा सख्खा भाऊ. परिवर्तक त्याच वृत् पासून. उलटसुलट वाहणारा तो प्रत्यावर्ती प्रवाह, यातही वृत्. न शिवता एका वेटोळ्यातून दुसऱ्यात वीज जागवणे ते प्रवर्तन, आणि त्यावर चालणारी कारखान्यातली नेहमीची मोटर ती प्रवर्तन चलित्र, तिथेही वृत्. शेतकऱ्याला तर हा धातू वर्तमानपत्रातून रोज भेटतो. कालव्याचे उन्हाळी आवर्तन कधी सुटणार, हा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात जीवनमरणाचा प्रश्न असतो. पाण्याची पाळी फिरून येते म्हणून ते आवर्तन.

हा धातू घासून घासून किती गुळगुळीत झाला आहे ते घरात पाहावे. वर्त्मन् याचे प्राकृतात वट्ट झाले आणि मराठीत वाट. वर्ति ची वात झाली, कारण ती वळतात. वर्तुल पासून वाटोळे, ज्याचा अर्थ गोल असाही आहे आणि सत्यानाश असाही. समईतली वात आणि पॅनेलमधला इन्व्हर्टर एकाच कुळातले आहेत हे एकदा कळले की तांत्रिक शब्दांची भीती निम्मी उतरते, असा माझा विश्वास आहे.

इन्व्हर्टर या शब्दाला तर जन्मवर्षही आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या नियतकालिकात डेव्हिड प्रिन्स यांनी १९२५ साली 'द इन्व्हर्टर' या नावाचा लेख लिहिला. प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारी साधने तेव्हा रुळली होती. प्रिन्स उलट वाटेबद्दल बोलत होते, म्हणून उलटवणारा तो इन्व्हर्टर. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची आगगाडी धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. त्या काळी वेग आवरायचा तर मोटरच्या वाटेत रोध घालायचे आणि एकेक करून काढायचे, एवढाच मुख्य उपाय होता. हँडल एका खाचेतून पुढच्या खाचेत जाई. मोटरमन अजूनही 'नॉच' म्हणतात तो याच खाचेमुळे. रोधांत गेलेली वीज उष्णता होऊन उडून जाई. तीन वर्षांनी घाट चढणारी मालगाड्यांची इंजिने स्वित्झर्लंडहून आली. त्यांच्या चाकांवरचे दांडे हलताना दिसत ते आणि त्यांचा तो विचित्र कण्हण्याचा आवाज, यांवरून चालकांनी त्यांना 'खेकडा' म्हटले. सरकारी दप्तरात त्यांचे नाव ईएफ-१, पुढे डब्ल्यूसीजी-१. रेल्वेप्रेमी आजही खेकडाच म्हणतात.

इन्व्हर्टर मराठी घरांत मात्र निराळ्याच अर्थाने शिरला. भारनियमनाच्या वर्षांत जिन्याखाली बॅटरीसकट जी पेटी आली ती इन्व्हर्टर. बॅटरी धरून सगळ्या पेटीला तिच्या एका भागाचे नाव मिळाले. यात चूक काही नाही. भाषा असेच नाव ठेवते.

समितीने घडवलेले सगळेच शब्द मेले असेही नाही. ट्रान्सफॉर्मरला 'रोहित्र' हा शब्द महावितरणच्या पत्रकांतून बातम्यांत आला आणि 'रोहित्र जळाले, गाव आठ दिवस अंधारात' अशा मथळ्यांतून टिकला. बोलताना गावकरी डीपीच म्हणतो. तरी रोहित्राची घडण मला फार आवडते. रुह् म्हणजे वर चढणे, वाढणे. आरोह, आरोहण त्यातलेच. आणि रुह् चे प्रयोजक रूप रोपयति, ज्यातून रोप आणि रोपण आले. मुळशीच्या खाचरांत आंबेमोहोराची रोपे लावतात आणि बांधावर विजेचा दाब चढवणारे-उतरवणारे रोहित्र उभे असते. दोघांचा धातू एक. शेवटचा 'इत्र' हा प्रत्यय साधनाचा. पाणिनीने त्याला स्वतंत्र सूत्र दिले आहे: खणायचे ते खनित्र, वल्हवायचे ते अरित्र, कापायचे ते लवित्र. याच साच्यात नव्या काळाने चलित्र, धारित्र ओतले. जनित्र तर वेदातलाच जुना शब्द, तेव्हा अर्थ जन्मस्थान. पवित्र हाही आधी साधनच होता: सोमरस गाळायची लोकरीची गाळणी. धार्मिक विधीत बोटात दर्भाचे पवित्रक घालतात, त्यात जुना अर्थ अजून शिल्लक आहे. ड्राइव्हमधून निघालेली वीज खरबरीत असते, ती गाळायला फिल्टर लावावा लागतो. पाणिनीच्या हिशोबाने त्याला पवित्र म्हणायला हरकत नसती.

धारित्रापाशी थोडे थांबायला हवे. कॅपॅसिटरला हा शब्द आहे, आणि धृ धातूपासून आहे, म्हणजे धरून ठेवणारा. धरणही त्याच धृ चे. नुसता धातूच एक नाही, ड्राइव्हच्या पेटीत धारित्र जे काम करते ते अगदी धरणाचे आहे. अलीकडून प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो, पलीकडे तो लागेल तसा सोडायचा असतो, मधे साठा हवा. ४१५ व्होल्टची थ्री फेज वीज सरळ करून साठवली की धारित्रावर सुमारे ५६० व्होल्टचा दाब उभा राहतो. मुख्य बटण बंद केले तरी तो लगेच ओसरत नाही. म्हणूनच झाकणावर काही मिनिटे थांबून मगच हात घालण्याची सूचना छापलेली असते. जाणता वायरमन ती वेळ पाळतो, शिवाय मीटर लावून खात्री करतो.

आणि धरण म्हटले की मुळशीत दुसरीही आठवण जागी होते. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या शेतकऱ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' हे बिरुद याच लढ्याने दिले. लढा हरला, धरण झाले, भाताची खाचरे आणि गावे पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. पुढे धरणात गाव-शेत गेलेल्या अशा माणसांसाठी मराठीने 'धरणग्रस्त' हा शब्द घडवला. ग्रस् म्हणजे गिळणे. चंद्र ग्रहणाने ग्रस्त होतो तसा. धरून ठेवणारे साधन आणि गिळला गेलेला माणूस एका शब्दात आले. विजेच्या परिभाषेची चर्चा करणाऱ्याने हा शब्द वगळला तर चर्चा अर्धी राहील असे मला वाटते, कारण मुंबईच्या मोटरी ज्या विजेवर फिरल्या तिची किंमत या शब्दात नोंदली आहे.

आता प्रवाहाच्या वाटेने जाऊ. पेटीत शिरल्यावर पहिले काम रेक्टिफायरचे. परिभाषेत त्याला एकदिशकारक म्हणतात. रेक्टिफायरमधला 'रेक्टस्' म्हणजे सरळ, आणि त्याचा संस्कृतमधला भाऊ आहे ऋजु. ऋजू स्वभावाचा माणूस म्हणजे सरळ माणूस. उलटसुलट धावणारा प्रवाह येथे ऋजू होतो. एकदिशकारक अर्थाला पक्का आहे यात वाद नाही, पण ऋजुकारक म्हटले असते तर नाते नावातच दिसले असते.

पुढचा भाग इन्व्हर्टर. सहा इलेक्ट्रॉनिक खटके सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात आणि साठ्यातल्या सरळ विजेचे लहानमोठे तुकडे पाडून तीन फेज पुन्हा उभे करतात. नवी लोकल फलाटावरून सुटताना सूर चढवत जाते, त्या गाण्यामागे ही उघडझाप असते. फेज हा शब्द ग्रीक, त्याचा मूळ संबंध चंद्राच्या दिसण्याशी. मराठी परिभाषेने त्याला 'कला' म्हटले, आणि हे भाषांतर मला सर्वांत नेमके वाटते. तीन प्रवाह एकाच गतीने वाढतात आणि घटतात, पण एक प्रतिपदेला असताना दुसरा भलत्याच तिथीला असतो. गावात 'एक फेज उडाला' म्हणतात, 'एक कला गेली' कोणी म्हणणार नाही, हे खरे. तरी वर्गात शिकवताना चंद्रकलेचा दाखला दिला तर १२० अंशांचे अंतर मुलांच्या पटकन ध्यानात येते.

मोटरकडून आपल्याला हवा असतो टॉर्क. परिभाषेतला पीडन परिबल हा शब्द तोंडात बसत नाही. टॉर्क लॅटिन 'टॉर्क्वेरे' चा, म्हणजे पिळणे. संस्कृतमध्ये त्याचा भाऊबंद तर्कु, सूत कातायची चाती. मी असतो तर सरळ 'पीळ' म्हटले असते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण नव्या ड्राइव्हला वेगळ्या अर्थाने लागू पडते. जुन्या पद्धतीत वेग फार कमी केला की मोटरचा जोरही ढासळे. आता वेग शून्य असतानाही पूर्ण पीळ धरून ठेवता येतो. क्रेनला टांगलेला बोजा हवेत स्थिर ठेवायचा तर हेच लागते.

हे साधले ते वेक्टर कंट्रोलमुळे. जर्मनीत के. हासे आणि सीमेन्समधले फेलिक्स ब्लाश्के यांनी १९७० च्या आगेमागे ते मांडले. त्यामागचे गणित १९२९ सालचे, रॉबर्ट पार्क यांचे. बाहेर उभे राहून पाहिले तर तीन प्रवाह सतत हिंदकळताना दिसतात. फिरणाऱ्या चुंबकक्षेत्राबरोबर आपणही फिरू लागलो की तेच प्रवाह स्थिर दिसतात, आणि त्यांची दोन भागांत फोड करता येते. एक भाग चुंबकत्व उभे करतो, दुसरा पीळ देतो. मग दोन्ही स्वतंत्रपणे आवरता येतात. वेक्टर म्हणजे लॅटिनमध्ये वाहणारा, वाहक. तो 'वेहेरे' चा, आणि आपला वह् त्याचा भाऊ. विजेला आपण प्रवाह म्हणतो तेव्हा तोच वह् उच्चारतो. एका खोलीत वेक्टर आणि प्रवाह शेजारी बसतात आणि कोणी ओळख करून देत नाही.

राहिला कंट्रोल. याची कथा सर्वांत रंजक. मध्ययुगीन युरोपात हिशोबाच्या गुंडाळीची दुसरी प्रत ठेवत, मूळ गुंडाळी खरी की खोटी हे पडताळायला. ती 'काँत्रारोतुलुस', उलट-गुंडाळी. तिच्यातून फ्रेंच मार्गे कंट्रोल झाला. रोतुलुस म्हणजे लहान चाक, 'रोता' पासून. आणि रोता म्हणजे आपला रथ. रोटर त्याच रोताचा. रोटरवर कंट्रोल ठेवतो तेव्हा आपण रथ हा शब्द दोनदा म्हणतो. आपले नियंत्रण यम् धातूचे, म्हणजे आवरणे. यंत्र मुळात आवरून धरायचे साधन, आणि यन्ता म्हणजे सारथी, माहूत. अलीकडे घडवलेल्या अभियंता या शब्दात तो यन्ता सरळ बसलेला आहे. इंग्रजीतला कंट्रोल कारकुनाच्या टेबलावरून आला, मराठीतला अभियंता रथाच्या धुरेवरून.

पण कारकुनी अर्थही मराठीत तितकाच समृद्ध आहे. पेशवाईच्या दप्तरांत हिशोब एकमेकांशी ताडून पाहण्याला 'रुजुवात' म्हणत. मोल्सवर्थच्या कोशात तो शब्द आहे, आणि जुन्या वकिलांच्या, तलाठ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येतो. त्याचा मूळ शब्द अरबी 'रुजूअ', म्हणजे परत येणे. कामावर रुजू होणे त्यातलेच. आता ड्राइव्ह काय करतो ते पाहा. मोटरच्या आसावर बसवलेला एन्कोडर प्रत्यक्ष वेग सांगतो, प्रवाह मोजणारे संवेदक प्रवाह सांगतात. जे मागितले आणि जे मिळाले ते ताडायचे, फरक काढायचा, त्यानुसार पुढचा तुकडा लहान किंवा मोठा पाडायचा. हे सेकंदाला काही हजार वेळा. फीडबॅकला 'अभिप्राय' म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण अभिप्राय म्हणजे मत. यंत्राला मत नसते; मिळालेली माहिती परत येते आणि मागणीशी जुळवली जाते. परत येणे आणि ताडून पाहणे हे दोन्ही अर्थ एका शब्दात असलेला 'रुजुवात' आपल्याकडे असताना तो वापरला जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. तंत्रनिकेतनांतल्या मराठी पुस्तकांत तो आणला पाहिजे.

आणि येथे एक योगायोग आहे. मराठीत ऋ चा उच्चार रु होतो. म्हणून संस्कृत ऋजू आणि अरबी रुजू आपल्या तोंडी हुबेहूब सारखे येतात. एकाचा दुसऱ्याशी रक्ताचा संबंध नाही. तरी ड्राइव्हची पेटी उघडली तर शिरताना पहिला विभाग ऋजूचा, म्हणजे प्रवाह सरळ करण्याचा, आणि शेवटचा तारांचा जुडगा रुजूचा, म्हणजे मोटरकडून परत येणाऱ्या माहितीचा.

परत येणारी फक्त माहिती नसते, वीजही असते. भिऱ्याला १५० मेगावॉटचा एक संच असा आहे की गरजेच्या वेळी तो वीज बनवतो आणि मागणी कमी असताना खालचे पाणी उपसून पुन्हा वर मुळशीच्या जलाशयात चढवतो. जनित्राचे चलित्र होते आणि चलित्राचे जनित्र. छोट्या प्रमाणावर हेच ताम्हिणी घाट उतरणाऱ्या विजेवरच्या गाडीत घडते. उतारावर मोटर उलट वीज देऊ लागते, इन्व्हर्टर ती बॅटरीकडे वळवतो. पुण्यातले मेकॅनिक आणि स्कूटर चालवणारी मुले याला 'रिजन' म्हणतात: "रिजन वाढवून ठेव, ब्रेक कमी लागतो." पुस्तकांत यासाठी पुनर्जननी आरोधन अशा धर्तीचे शब्द सुचवले जातात. मला रिजन पुरेसा वाटतो. जनरेट मधला 'जेन' आणि आपला जन् धातू मुळात एकच आहेत, जनित्रात तो आहेच, आणि मराठी मुलगा 'रिजन' म्हणतो तेव्हा उच्चारही जवळपास 'जन' असाच करतो.